गिरगावात मेट्रो आली, बाजार परत येईल का?

मुगभाटकर

मेट्रो-३ ही भुयारी लाईन ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि तेव्हापासून आमच्याकडे वाण्यापासून सलूनपर्यंत एकच विषय, की आता गिरगावला परत चांगले दिवस येणार. जागांचे भाव तर लोक आत्ताच चढवून सांगायला लागलेत. मला पडलेला प्रश्न मात्र बाजाराचा आहे. गिरगाव नुसती राहायची जागा कधीच नव्हती, मराठी मुंबईचा तो भर बाजार होता. लग्नाचा बस्ता, पत्रिका छापणं, दागिने, पूजेचं सामान, पुस्तकं, नाटकाचे कपडे भाड्याने, चष्मा, दाताचा डॉक्टर, सगळ्यासाठी लोक लांबून इथे उतरायचे. मौज प्रकाशन खटाववाडीत, ढवळे प्रकाशन श्रीसमर्थ सदनात, नवाकाळ पेपर खाडिलकर रोडवर, साहित्य संघाचं नाट्यगृह केळेवाडीत, सगळं चालत जाण्याच्या अंतरात. आज त्याच रस्त्याने संध्याकाळी सातला चाला, तीन शटर बंद, एक उघडं, मग पत्र्याचं कुंपण, मग टॉवरचं गेट आणि वर पाच मजले नुसत्या गाड्या.

लोक डोंबिवली-बोरिवलीला गेले म्हणून बाजार बसला असं सगळे म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. लोक गेल्यावरही पुष्कळ वर्षं बाजार चालू होता, कारण तळमजल्यावर दुकानं होती आणि गेलेली माणसं त्या दुकानांसाठी परत यायची. आता तळमजलाच चाललाय. तुमचं काय मत? आणि तुम्ही आज गिरगावात कशासाठी याल, अगदी खरं सांगा.

बोरिवलीची माधवी

विषय काढलात ते फार बरं केलंत. आमची उरणकरवाडीत खोली होती, मी लहान असतानाच सोडली. आता वर्षातून एकदा पाडव्याच्या शोभायात्रेला येते, नऊवारी, फेटा, ढोल सगळं डोळे भरून बघते, विनयला मिसळ खाते, पणशीकरांकडून काहीतरी बांधून घेते आणि चर्नी रोडला गाडी पकडते. पूर्वी आई आली की तिचं एकेक काम निघायचं, घड्याळाचा पट्टा, चपलेचा अंगठा, मग मॅजेस्टिक, मग बॉम्बे बुक डेपो, आणि दिवस कधी संपायचा कळायचं नाही. बुक डेपो बंद झाला तेव्हा आईला नातेवाईक गेल्यासारखं वाईट वाटलं होतं. आज मला पुस्तक घरबसल्या मिळतं पण चाळून बघायला मिळत नाही. चांगलं मराठी पुस्तकाचं दुकान असेल, निवांत बसता येईल असं, तर मी महिन्यातून एकदा नक्की येईन.

दहिसर लोकल

अनंताश्रम खानावळ परत उघडा, मी रोज येतो.

माधवबागेजवळचा

दहिसर, तुमच्या पुढे रांगेत मी.

ठाकुरद्वारचे आजोबा

माधवीताई, राग मानू नका, पण सोडून गेलेल्यांना गिरगाव जास्त गोड लागतं. आम्ही इथेच राहिलो. एका खोलीत आठ माणसं, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, सकाळी बादली घेऊन रांग, पावसाळ्यात जिन्याच्या पायऱ्या फुगायच्या. आमच्या सज्जाखाली म्हाडाचे लाकडी टेकू लागले ते लागलेच, त्यांच्यावर पोरं वाढली, त्यांच्यावर कपडे वाळत पडले. पाऊस सुरू झाला की बायको रात्री उठून भिंतीची चीर बघायची, खडूने तिच्या टोकाला खूण करून ठेवायची म्हणजे पुढे सरकली तर कळेल. माझ्या सुनेला स्वतःचा संडास आणि मुलाला अभ्यासाला टेबल मिळणार असेल तर मला टॉवर हवा. बाजाराचं नंतर बघू.

मुगभाटकर

काका, तुमचं शंभर टक्के बरोबर. टॉवरला विरोध नाहीच. आमची इमारतही त्याच रांगेत आहे. टॉवरच्या पायाशी काय असावं एवढंच मी विचारतोय.

टी स्क्वेअर

मी वास्तुविशारद आहे, याच भागातल्या पुनर्विकासाची कामं बघतो, म्हणून थोडं मागचं सांगतो कारण त्याशिवाय हे कळत नाही.

१९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. युद्ध आणि टंचाईच्या काळात ते गरजेचं होतं, पण ती तात्पुरती सोय पन्नास वर्षं राहिली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मूळ भाडंच इतकं खाली की त्या चार टक्क्यांनी काय होणार? मालकाच्या हातात येणाऱ्या पैशात जिन्याची फळी बदलता येईना, त्यामुळे त्याने दुरुस्ती सोडली. १९६९ मध्ये सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं, तेव्हापासून या इमारती उपकरप्राप्त म्हणजे आपल्या बोलीत सेस बिल्डिंगा. मंडळाने टेकू दिले, गर्डर टाकले, पण शंभर वर्षांचं लाकूड किती धरणार.

मग आला ३३(७) चा, म्हणजे विकास नियमावलीतल्या त्या नियमाखालचा पुनर्विकास. भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट फुकट, बिल्डरला वरचे मजले विकायला. योजना वाईट नाही, आजोबा म्हणतात तसा संडास त्यातूनच मिळतो. गडबड अशी, की एकेक इमारत सुटी सुटी उठते. छोट्या प्लॉटवर गाड्या ठेवायच्या कुठे? तळघर महाग, म्हणून खालचे मजले पार्किंगला जातात, रस्त्याकडे गेट आणि भिंत येते. गिरगावची जुनी इमारत रस्त्याला चिकटून उभी, खाली दुकान, वर बिऱ्हाड. नवीन इमारत मागे सरकते आणि मधे वॉचमन बसतो. असे दहा प्लॉट लागोपाठ झाले की बाजार संपला, माणसं कितीही राहोत. मुगभाटकरांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

दहिसर लोकल

पण कायद्याने दुकानदारालाही तेवढीच जागा परत द्यावी लागते ना?

चिराबाजारी

याचं उत्तर मी देतो, कारण आमचं दुकान त्यातून गेलंय. आजोबांपासून पूजासाहित्य आणि लग्नाचं सामान, मुंडावळ्या, अक्षतांच्या पुड्या, सुपाऱ्या, रुखवताचं सगळं. जागा परत मिळते, करारात लिहिलेलं असतं, आम्हालाही मिळाली. पण राहणाऱ्याला इमारत उठेपर्यंत भाडं मिळतं, तो मालाडला राहतो, नंतर परत येतो, त्याचं आयुष्य चालू राहतं. दुकानाचं आयुष्य गिऱ्हाईकावर. आम्ही बंद केल्यावर एका वर्षात गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. दादरला गेलं, किंवा मोबाईलवर. इमारत ठरल्या वेळेच्या दुप्पट वेळाने उठली, बिल्डरचं नाव घेत नाही, आमचा करार अजून चालू आहे. आणि परत मिळालेलं दुकान कुठे? मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर, लिफ्टने जायचं. चौरस फूट अगदी तेवढेच, एक इंच कमी नाही. पण मुंडावळ्या घ्यायला लिफ्टने कोण चढणार हो? रस्त्यावरून जाताना दिसतं म्हणून लोकांना आठवतं, अरे हळकुंडं घ्यायचीत. वडिलांनी आधी रोज सकाळी शटर उघडून उंबऱ्यावर पाणी मारायचं आणि समोरच्या देवळाकडे बघून हात जोडायचे. आता ते दुकानात येत नाहीत, मी एकटा बसतो. शेजारच्या गाळ्यांपैकी निम्मे गोडाऊन म्हणून भाड्याने गेलेत.

बोरिवलीची माधवी

चिराबाजारी, वाचून पोटात तुटलं. तुमचं दुकान मला बहुतेक माहीत आहे, माझ्या बहिणीचा रुखवत तिथलाच. पुढच्या वेळी लिफ्टने येते, वचन.

चिराबाजारी

या ताई. चहा माझ्याकडून.

लालबागचा शेजारी

तुमच्याकडे निदान दुकानं होती म्हणून दुकानांचं दुःख आहे. आमच्याकडे गिरणी होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार, आणि मग जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. खानावळी, भजनी मंडळं, व्यायामशाळा, पगाराच्या दिवशीचा बाजार, सगळं भोंग्यावर चालायचं, भोंगा थांबल्यावर एकेक थांबत गेलं. गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आले पण त्या मॉलची तोंडं आमच्या गल्लीकडे नाहीत, गाडीवाल्यांकडे आहेत. तरी मसाल्याची गल्ली टिकली बघा. मे महिन्यात मिरच्या निवडायला, डंकावर मसाला कुटून घ्यायला अजून ठाण्या-पनवेलहून बायका येतात. का, तर ते काम समोर उभं राहून करून घ्यायचं असतं, घरपोच येत नाही. गिरगावात असं काय उरलंय ते आधी शोधा.

स्नेहल केळेवाडी

लालबागचा शेजारी यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आमच्या वाडीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. डब्यांची रांग, प्रत्येक डब्याच्या झाकणावर खडूने नाव आणि ज्वारी की गहू की भाजणी, चकलीची भाजणी असेल तर काकांना आधी सांगायचं म्हणजे ते ती तांदळाच्या मागून दळायचे, गव्हाच्या मागून नाही. दिवाळीच्या आधी तर बाकड्यावर बसायला जागा नसायची आणि वाडीतल्या निम्म्या लग्नांच्या गोष्टी तिथेच निघायच्या. इमारत पाडली. नवीन इमारतीत काकांचा गाळा आहे पण आवाज होतो, पीठ उडतं म्हणून गिरणी लावायला सोसायटीची परवानगी नाही. त्यांनी तो मोबाईल रिपेअरवाल्याला दिला. परवानगी नाकारणारे सगळे तिथेच भाजणी दळून खाल्लेले, याचं मला जास्त वाईट वाटतं. पाकिटातलं पीठ सगळीकडे मिळतं, पण आपल्यासमोर, आपल्या मापाने दळून मिळणं हे गिरगावात यायचं चांगलं कारण होतं आणि ते आपणच बंद केलं.

ऑपेरा हाऊस दलाल

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. हिरे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पंचरत्न इमारत आणि आसपास हिऱ्याचा व्यापार एवढा वाढला की गिरगावातल्या खोल्या ऑफिस म्हणून गेल्या. पागडी पद्धतीत, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमचं भाडेकरू व्हायचं त्यात, खोली विकली की मालकाचा हिस्सा ठरलेला, भाडेकरूच्याही हातात चांगली रक्कम, त्यातच पुष्कळांनी उपनगरात फ्लॅट घेतले. म्हणजे सगळे काही हाकलले गेले नाहीत, चांगला भाव आला म्हणून गेले, त्यात चूक काय? तेव्हा दिवसभर रस्त्यावर माणूसच माणूस, वडापाववाल्यापासून उडप्यापर्यंत सगळे खूश. २०१० मध्ये बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) भारत डायमंड बोर्स हा हिरेबाजार सुरू झाला आणि हळूहळू ऑफिसं गेली. राहणारे आधीच गेले होते, मग कामाला येणारेही गेले. बाजाराला दुसरा फटका तो.

टी स्क्वेअर

+१. आणि आता तीच मेट्रो गिरगावला बीकेसीशी थेट जोडते. म्हणजे बीकेसीत नोकरी करणारा माणूस गिरगावात राहू शकतो, हे आधी शक्यच नव्हतं.

नवा भाडेकरू

तो माणूस मीच आहे. मूळ साताऱ्याचा, बीकेसीत नोकरी, मेट्रो झाल्यावर दोन मित्रांबरोबर इथे खोली घेतली. गिरगाव माझ्या लहानपणाचं नाही त्यामुळे मला आठवणी नाहीत, पण मला इथे राहायला मनापासून आवडतं. रात्री जेवून चौपाटीवर चालत जाता येतं, हे मुंबईत किती जणांना मिळतं? अडचण सांगतो. मी साडेआठला परततो तेव्हा बहुतेक जुनी दुकानं बंद झालेली असतात. दुपारी एक ते चार पण बंद. शनिवारी मी मोकळा असतो तेव्हा अर्धी बंद. इस्त्री, शिंपी, डबा, चष्मा, मला सगळं इथेच करायचंय पण वेळा जुळत नाहीत म्हणून शेवटी ॲपवर जातो. आणि साहित्य संघात नाटक आहे हे मला बाहेरच्या बोर्डावरून कळतं, तेही प्रयोग होऊन गेल्यावर.

चिराबाजारी

हे मात्र खरं आहे. दुपारची झोप आम्हाला सुटत नाही. वेळा बदलायला हव्यात, आमच्या पिढीने तरी.

वाडीतला

खोताच्या वाडीतून लिहितोय. नवा भाडेकरू, तुझं स्वागत. आमच्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. लाकडी जिने, बाहेरचे व्हरांडे, रंगीत घरं, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची कुटुंबं, म्हणून आमच्याकडे लोक फोटो काढायला येतात. पूर्वी ६५ घरं होती असं सांगतात, आज त्याच्या निम्मीही उरली नाहीत. वारसा म्हणून नाव आहे पण घराच्या कौलांची दुरुस्ती मालकाच्याच खिशातून. शनिवारी सकाळी कोणीतरी माझ्या आईच्या व्हरांड्यावर बसून फोटो काढतं, तिला न विचारता. आईला राग येत नाही, ती त्यांना पाणी विचारते, पण घर टिकवायला त्या फोटोचा उपयोग होत नाही. पुनरुज्जीवन म्हणजे काळा घोड्यासारखं कॅफे आणि गॅलऱ्या असं कोणाच्या डोक्यात असेल तर माझा विरोध. महाग कॉफी आली की वरचं भाडं वाढतं आणि आधी वाणी जातो, मग आम्ही.

दहिसर लोकल

पण पैसा आल्याशिवाय घर कसं टिकणार? रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ पासून बंद पडून होतं, पैसा आणि नीट काम करणारी माणसं मिळाली म्हणून २०१६ ला उघडलं, युनेस्कोने पुढच्याच वर्षी गौरवलं. कॅफेवाल्याचं भाडं तुमच्या कौलांना लागलं तर वाईट काय आहे?

वाडीतला

ऑपेरा हाऊसचा मालक एक आहे. वाडीत प्रत्येक घराचे वारस पाच, त्यातले दोन परदेशात. एक कॅफे चालेल, आनंदाने चालेल. दहा झाले तर ती वाडी राहणार नाही. कोणी मोजून धरणार आहे का?

बोरिवलीची माधवी

भेंडी बाजाराचं उदाहरण कोणी का देत नाही? तिथे तर सगळा भागच एकदम घेतलाय.

टी स्क्वेअर

द्यायलाच हवं. १६.५ एकर, सुमारे २५० इमारती, २००९ पासून एक ट्रस्ट ते करतोय, ३३(९) खाली म्हणजे समूह पुनर्विकास, क्लस्टर. ३,२०० च्या आसपास कुटुंबं आणि १,२५० दुकानं. तिथे पहिल्यापासून दुकानं हा योजनेचाच भाग धरला, रस्त्याकडे तोंड करून. क्लस्टरला शहरात किमान ४,००० चौरस मीटर लागतात, म्हणजे गाड्या एकत्र एका जागी ठेवता येतात आणि बाकी तळमजला मोकळा राहतो. पण तिथे एक समाज, एक धर्मगुरू, एक ट्रस्ट, लोकांचा विश्वास एका जागी. गिरगावात एका गल्लीत चार मालक, सहा वारस, तीन बिल्डर आणि दर मजल्यावर एक वकील. तरी निदान शेजारच्या दोन-तीन इमारतींनी एकत्र बसावं एवढं तर होऊ शकतं.

ठाकुरद्वारचे आजोबा

एकत्र बसायला आम्हाला गणपती लागतो. १८९३ पासून केशवजी नाईक चाळीत बसतोय, त्यात कधी खंड नाही. त्या दहा दिवसांत ज्यांच्याशी भांडण आहे त्यांच्याही घरचा प्रसाद येतो. मी तर म्हणतो पुनर्विकासाची मीटिंग मांडवातच घ्या.

स्नेहल केळेवाडी

आजोबा, ही कल्पना खरंच करून बघण्यासारखी आहे! मंडळाकडे माणसं आहेत, नोंदवही आहे, वर्गणी जमवायची सवय आहे, प्रत्येक बिऱ्हाडाचं दार माहीत आहे. एवढी तयार संघटना दुसरी कोणती?

दक्षिण मुंबईचा इंजिनिअर

अवांतर. गिरगाव आणि काळबादेवी ही दोन स्टेशनं करताना रस्ता इतका अरुंद होता की वरून सगळं खणता येत नव्हतं, म्हणून आत शिरून बोगद्याच्या पद्धतीने पोखरत स्टेशन केलं. वर शंभर वर्षांच्या इमारती उभ्या असताना. स्टेशनसाठी काही इमारती गेल्या, पण त्यातल्या लोकांना तिथेच घरं द्यायचं ठरलं, त्यासाठी रहिवासी बराच काळ लढले. म्हणजे जागच्या जागी पुनर्वसन गिरगावात मागून मिळवता येतं. तीच मागणी दुकानांसाठी कोणी लावून धरली नाही एवढंच.

ठाकुरद्वारचे आजोबा

आणखी एक, ते कोणी बोलत नाही म्हणून. टॉवर मिळतो पण मेंटेनन्स कोण भरणार? भाडं तीन आकडी होतं, मेंटेनन्स चार आकडी. लिफ्ट, पंप, वॉचमन. कॉर्पसचे, म्हणजे बिल्डरने देखभालीसाठी ठेवलेले पैसे काही वर्षं पुरतात. आमच्या ओळखीच्या दोन पेन्शनर कुटुंबांनी नवीन घरात पाय ठेवला आणि वर्षभरात भाड्याने देऊन विरारला गेले. मग मुगभाटकर, तुमचा बाजार चालवायला जुनं गिऱ्हाईक कुठून येणार?

मुगभाटकर

काका, मला वाटतं याचं उत्तरही खालीच आहे. तळमजल्यावर सोसायटीच्या मालकीचे दोन-तीन गाळे ठेवले आणि त्यांचं भाडं मेंटेनन्सला लावलं तर वरच्या पेन्शनरचा भार हलका होतो. म्हणजे दुकान टिकलं तर घर टिकतं. दोन्ही एकाच इमारतीत, आधी होतं तसं.

टी स्क्वेअर

हे करता येतं, पण ते पहिल्याच करारात घालावं लागतं. नंतर बिल्डर ऐकत नाही आणि प्लॅन पास झाला की मीही काही करू शकत नाही.

मुगभाटकर

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो कारण माझं मत आता पक्कं झालंय. मेट्रो माणसं आणून सोडेल, पण ती जिना चढून वर आल्यावर समोर काय दिसतं त्यावर ती थांबतील की नाही ते ठरेल. माधवीताईंना पुस्तकं हवीत, नव्या भाडेकरूला रात्री साडेआठला उघडा शिंपी हवाय, स्नेहलला गिरणी हवीये, आजोबांना संडास आणि परवडणारा मेंटेनन्स. यातलं काहीच अशक्य नाही.

येत्या रविवारी आमच्या इमारतीची मीटिंग आहे. ५१ टक्के भाडेकरूंची पुनर्विकासाला संमती झाली की गाडी सुटते, त्याआधीच बोलायला हवं. मी मागणार आहे की रस्त्याकडची सगळी बाजू दुकानांनाच, पार्किंग मागे किंवा खाली. गिरणी आणि इस्त्रीसारख्या आवाजाच्या, उष्णतेच्या धंद्यांना वेगळा, नीट वायुवीजन असलेला गाळा. काम चालू असेपर्यंत दुकानदारांना याच गल्लीत तात्पुरती जागा, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून. आणि शेजारच्या दोन इमारतींनाही बोलावणार आहे.

चिराबाजारी

मीटिंग किती वाजता? मी येतो, आमच्याकडचे आणखी दोन दुकानदार आणतो. आमचं कसं झालं ते त्यांच्या तोंडून ऐकलं तर लोकांना पटेल.

मुगभाटकर

सकाळी दहा, गच्चीवर. पाऊस असेल तर दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये.

नवा भाडेकरू

भाडेकरूचा भाडेकरू आलेला चालेल का? खुर्च्या लावायला येतो.

ठाकुरद्वारचे आजोबा

चालेल. आणि दहा म्हणजे दहा, साडेदहा नाही.

टी स्क्वेअर

मुगभाटकर, 'दुकानदारांना तेवढंच क्षेत्रफळ' एवढ्यावर सही करू नका. तळमजला, रस्त्याकडे तोंड, दर्शनी रुंदी किती फूट, हे प्रत्येक गाळ्यासाठी लिहून घ्या आणि नकाशा कराराला जोडा, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या. जुन्या दुकानांची दर्शनी रुंदी आत्ताच टेपने मोजून, फोटो काढून ठेवा, इमारत पाडल्यावर ते सिद्ध करता येत नाही. शनिवारी संध्याकाळी मी टेप घेऊन येतो, कोणीतरी सोबत पाहिजे.

स्नेहल केळेवाडी

मी आहे. सहाला नाक्यावर.